अन्नसार्वभौमत्वाची ‘मुक्त’ पुस्तिका मराठीत आणताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या बियाणे गटाला अन्नसार्वभौमत्वावरची, म्हणजे आपलं अन्न काय आणि कसं पिकवायचं हे ठरवण्याच्या लोकांच्या हक्कावरची, एक इंग्रजी पुस्तिका मराठीत आणायची आहे. पुस्तिका परदेशातल्या एका संस्थेची आहे आणि मलपृष्ठावर ‘सीसी बाय-एनसी-एसए ४.०’ असा क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे आपलं काम काही अटींवर सगळ्यांना वापरायला देण्याचा, परवाना छापलेला आहे. युरोपवरची दोन प्रकरणं गाळायची, आपल्या भागातल्या वाणांवर एक नवं प्रकरण घालायचं, पाचशे प्रती काढून वीस रुपयांना द्यायच्या आणि पीडीएफ व्हॉट्सॲपवर सोडायची, असा बेत आहे. शिवाय एका दैनिकाला रविवारच्या पुरवणीत ती क्रमशः हवी आहे, आणि तालुक्याच्या गावातला एक बियाणे विक्रेता मलपृष्ठावरच्या जाहिरातीच्या बदल्यात छपाईचा खर्च उचलायला तयार आहे. परवाना मुक्त आहे, मग कुणाला विचारायचं कशाला, असं तुम्ही विचारलंय.

यातल्या बहुतेक गोष्टींसाठी खरंच कुणाला विचारावं लागणार नाही. दैनिक आणि जाहिरात या दोन गोष्टींसाठी विचारावं लागेल. आणि एक परवानगी तुमच्या प्रश्नात कुठेच नाही, पण मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ती तुमच्याच गावांतून घ्यायची आहे. तिच्याकडे शेवटी येते.

मी चळवळींच्या पुस्तिकांचं भाषांतर आणि संपादन करते. वकील नाही. खाली लिहिते ते कामातून आलेलं आहे. नोटीस वगैरे येण्याची वेळ आली तर वकिलालाच दाखवा.

मूळ अडचण अशी की मलपृष्ठावरचा परवाना एकच असला तरी आतला मजकूर एका मालकीचा नसतो. अशा पुस्तिकेत संस्थेचं स्वतःचं लेखन असतं, न्येलेनीच्या (अन्नसार्वभौमत्वावरच्या २००७ च्या) जाहीरनाम्यातले उतारे असतात, संयुक्त राष्ट्रांच्या ठरावातली कलमं असतात, कुणाकुणाची छायाचित्रं असतात, संस्थेचं बोधचिन्ह असतं. परवाना लागू होतो तो फक्त संस्थेला जे देण्याचा हक्क आहे तेवढ्याला. त्यामुळे पहिलं काम भाषांतराचं नाही. पेन्सिल घेऊन बसा आणि पानापानावर समासात लिहा, हे कुणाचं, हे कुणाचं. बत्तीस पानांच्या पुस्तिकेला एक संध्याकाळ लागते, आणि पुढचे बरेचसे प्रश्न तिथेच मिटतात.

आता परवान्याकडे. ‘बाय’ म्हणजे श्रेय द्या, ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको, ‘एसए’ म्हणजे तुमची आवृत्तीही याच अटींवर पुढे द्या. तुमच्या परवान्यात ‘एनडी’ (बदल करून वाटू नका) ही अक्षरं नाहीत, हे तुमचं नशीब. ती असती तर भाषांतर घरी करून ठेवायला हरकत नव्हती, पण परवान्याच्या चौथ्या आवृत्तीच्या (४.०) अटींप्रमाणे ते वाटता आलं नसतं. अनेक गट इथेच फसतात. ‘सीसी’ दिसलं की काम सुरू करतात आणि पुढची अक्षरं अक्षरजुळणी झाल्यावर वाचतात. तुम्हाला भाषांतर, गाळणं आणि भर घालणं, तिन्हीची मोकळीक आहे. हा परवाना मागेही घेता येत नाही. संस्थेनं उद्या धोरण बदललं तरी आज मिळालेला हक्क, अटी पाळल्यात तोवर, तुमचाच राहतो. ती पुस्तिका त्या परवान्यासकट पीडीएफ स्वरूपात आत्ताच उतरवून ठेवा, तारखेसह.

श्रेय कसं द्यायचं यावर बहुतेक ठिकाणी ढिलाई असते. ‘एका इंग्रजी पुस्तिकेवर आधारित’ एवढं लिहून भागत नाही. मूळ शीर्षक, लेखक किंवा संस्था, मूळ पुस्तिका कुठे मिळेल तो पत्ता, परवान्याचं नाव व पत्ता, आणि तुम्ही काय बदललं, इतकं हवं. मी साधारण असा मजकूर घालते: ‘ही पुस्तिका अमुक संस्थेच्या तमुक या इंग्रजी पुस्तिकेचं मराठी रूपांतर आहे. मूळ पुस्तिकेतील चौथं व सहावं प्रकरण गाळलं आहे. शेवटचं प्रकरण मराठी आवृत्तीसाठी नव्यानं लिहिलं आहे. मूळ संस्थेनं हे रूपांतर तपासलेलं किंवा मान्य केलेलं नाही. रूपांतर: अमुक, तमुक.’ त्याखाली मूळ पुस्तिका आणि परवाना यांचे पत्ते. हे पहिल्या आतल्या पानावर, वाचता येईल अशा टाइपात. ‘मान्य केलेलं नाही’ हे वाक्य लिहायला लोक कचरतात, आपलंच काम कमी दाखवल्यासारखं वाटतं त्यांना. पण संस्थेचा तुम्हाला पाठिंबा आहे असं भासवायला परवाना स्पष्ट मनाई करतो. म्हणूनच मुखपृष्ठावर त्यांचं बोधचिन्हही टाकू नका. ते परवान्यात येत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सुद्धा लक्षात ठेवा. लेखकाचं नाव आणि त्याच्या कृतीची प्रतिष्ठा हे हक्क कॉपीराइट दुसऱ्याला देऊन टाकला तरी लेखकाकडे राहतात. दोन प्रकरणं गाळल्यामुळे मूळ म्हणणंच उलटं वाटायला लागत नाही ना, हे दोघातिघांनी वाचून बघा.

‘एसए’ची अट पाळताना चूक होते ती बहुधा छापखान्यात. छापखान्याकडे आतल्या पानाचा एक ठरलेला साचा असतो आणि त्यात ‘सर्व हक्क सुरक्षित, प्रकाशकाच्या परवानगीशिवाय कोणताही भाग...’ हे आधीच टाइप केलेलं असतं. मी प्रुफं तपासायला बसते तेव्हा आधी तेच पान काढते. बियाणं कुणा एकाच्या ताब्यात जाऊ नये असं बत्तीस पानं सांगणाऱ्या पुस्तिकेवर हे वाक्य छापून जाणं मला सहन होत नाही, आणि परवान्याच्या दृष्टीनंही ते चूकच आहे. त्या जागी ‘ही मराठी आवृत्ती सीसी बाय-एनसी-एसए ४.० परवान्यानुसार उपलब्ध आहे’ असं हवं. आणखी एक गोष्ट आधीच उरकून घ्या. भाषांतर चौघापाचांनी वाटून केलं असेल तर आपापल्या भागाच्या भाषांतराचा कॉपीराइट त्या प्रत्येकाकडे आहे, गटाकडे आपोआप येत नाही. ‘माझं भाषांतर याच परवान्यानं द्यायला माझी संमती आहे’ एवढं प्रत्येकाकडून कागदावर किंवा ईमेलवर घ्या. मैत्रीच्या कामात हे मागायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी एखादा मित्र दूर गेलेला असतो, तेव्हा तो कागद उपयोगी पडतो.

कागदावर परवाना मुक्त आणि फाइल मात्र बंद, असंही होतं. पीडीएफला पासवर्ड घालून कॉपी करणं रोखू नका. मिळालेला हक्क वापरण्यात तांत्रिक आडकाठी घालायला परवान्यात मनाई आहे. त्याहून जास्त नुकसान आपल्याकडे जुन्या फॉन्टनी केलंय. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर पीडीएफमधून उचलला की नुसती चिन्हं हाती येतात. शोधता येत नाही, फोनवर वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेला कळत नाही, कोकणी किंवा अहिराणीत कुणाला करायचं झालं तर पुन्हा पहिल्यापासून टाइप करावं लागतं. छापखान्याला पहिल्याच दिवशी युनिकोडचा, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर तसंच वाचता येणाऱ्या टंकनाचा, आग्रह धरा. ‘मुक्त’ (Mukta), ‘नोटो सान्स देवनागरी’ असे मुक्त परवान्याचे चांगले फॉन्ट आहेत. शेवटची प्रुफं झाल्यावर युनिकोड मजकुराची फाइल स्वतःकडे मागून घ्या आणि पीडीएफबरोबर तीही सोडा.

आता पैशांचं. ‘एनसी’ची व्याख्या परवान्यात साधारण अशी आहे: वापराचा मुख्य हेतू व्यापारी फायदा किंवा पैशाचा मोबदला मिळवणं हा नसावा. यात तुम्ही कोण आहात यापेक्षा तुम्ही काय करताय हे बघितलं जातं. नोंदणीकृत सेवाभावी संस्थेनं नफ्यासाठी विकली तरी अट मोडते. कागद, छपाई, पिन, वाहतूक यांचा खर्च भागवण्यापुरते वीस रुपये घ्यायला माझ्या मते हरकत नाही, पण ‘माझ्या मते’ हे शब्द मी जाणूनबुजून लिहितेय. किती रुपयांपर्यंत चालतं अशी रेषा परवान्यात आखलेली नाही. मी दोन गोष्टी पाळते. खर्चाचा हिशेब लिहून ठेवायचा, आणि पीडीएफ कायम फुकट उपलब्ध ठेवायची. पैसे देऊ न शकणाऱ्याला पुस्तिका मिळतेय, तोवर वीस रुपये हा कागदाचा खर्च आहे हे कुणालाही दाखवता येतं.

झेरॉक्सवाला पानामागे पैसे घेतो, मग तो व्यापारी वापर का, असाही प्रश्न तुमच्या मनात असेल. यावर अमेरिकेत खटला झाला होता. ग्रेट माइंड्स या संस्थेचा शालेय अभ्यासक्रम याच प्रकारच्या परवान्याखाली होता आणि शाळांसाठी त्याच्या प्रती काढून देणाऱ्या फेडेक्स ऑफिसवर तिनं दावा लावला. अपील न्यायालयानं २०१८ मध्ये फेडेक्सच्या बाजूनं निकाल दिला: शाळा अव्यापारी कामासाठीच वापरत आहेत आणि प्रती काढणारा त्यांच्या सांगण्यावरून काम करतोय. आपल्या न्यायालयांना तो निकाल बांधील नाही, पण विचार पटण्यासारखा आहे. तुमचा छापखाना त्याची मजुरी घेणारच. त्यानं स्वतःहून जादा प्रती काढून विकल्या तर मात्र गोष्ट वेगळी.

बियाणे विक्रेत्याची जाहिरात मी घेणार नाही. तो माणूस मनानं चांगला असेल, पण मलपृष्ठाच्या जागेच्या बदल्यात त्याला धंद्याचा फायदा हवा आहे आणि तो फायदा दुसऱ्याच्या मजकुरावर उभा राहतोय. नाव न छापता देणगी दिली तर आनंदानं घ्या. ‘छपाईसाठी साहाय्य’ म्हणून आत एका ओळीत नाव असणं आणि दुकानाचा पत्ता, फोन, वाणांची यादी असणं यात मी फरक करते. तरी यातलं काहीही करायचं झालं तर मूळ संस्थेला विचारून करा.

दैनिकाचं उत्तर सोपं आहे. दैनिक विकलं जातं, त्यात जाहिराती असतात, पुरवणीतला मजकूर त्याच व्यवसायाचा भाग आहे. परवानगीशिवाय नको. ही परवानगी मूळ संस्थेची हवी आणि भाषांतर करणाऱ्यांचीही. ‘एनसी’ लावणारी संस्था एखाद्या वापरासाठी वेगळी मोकळीक देऊ शकते, आणि माझा अनुभव असा की चांगल्या कारणासाठी विचारलं तर बहुतेक संस्था देतात. दरम्यान दैनिकाला पुस्तिकेबद्दल लेख लिहायला, परीक्षण करायला, त्यापुरते उतारे द्यायला कोण अडवतंय? त्याची सोय आपल्या कायद्याच्या कलम ५२ मध्येच आहे.

आता समासातल्या त्या पेन्सिलीच्या खुणांकडे. अन्नसार्वभौमत्वाची मांडणी ला व्हिया कॅम्पेसिना या शेतकऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९९६ मध्ये रोमच्या जागतिक अन्न परिषदेच्या वेळी पुढे आणली. फेब्रुवारी २००७ मध्ये मालीतल्या सेलिंगे इथे ऐंशीहून अधिक देशांतले पाचशेहून अधिक प्रतिनिधी जमले आणि न्येलेनीचा जाहीरनामा निघाला. असे जाहीरनामे सर्वांपर्यंत जावेत याच इच्छेनं लिहिलेले असतात, तरी ज्या प्रतीवरून तुम्ही घेताय तिच्यावर परवाना छापलेला नसेल तर कायदा ‘काही म्हटलेलं नाही’ याचा अर्थ ‘हक्क राखीव’ असाच करतो. उतारे आणि त्यांवरचं विवेचन यासाठी अडचण नाही. पूर्ण जाहीरनामा परिशिष्ट म्हणून जोडायचा असेल तर एक ईमेल टाका.

संयुक्त राष्ट्रांचा शेतकऱ्यांच्या हक्कांचा जाहीरनामा १७ डिसेंबर २०१८ रोजी आमसभेनं मंजूर केला. त्यातल्या पंधराव्या कलमात अन्नसार्वभौमत्वाचा उल्लेख आहे आणि एकोणिसावं कलम बियाण्याच्या हक्काचं आहे. ठरावाचा क्रमांक असलेली अशी अधिकृत कागदपत्रं संयुक्त राष्ट्रं आपल्या धोरणानुसार सार्वजनिक मालकीची मानतात, त्यामुळे तुम्ही ती मोकळेपणानं घ्या. विक्रीसाठी काढलेली त्यांची पुस्तकं मात्र वेगळी. मराठी ही त्यांच्या सहा अधिकृत भाषांपैकी नाही, म्हणून ‘अनधिकृत मराठी अनुवाद’ असं लिहा. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या) अहवालातला मजकूर किंवा तक्ता घेणार असाल तर त्या अहवालावरचा परवाना स्वतंत्रपणे वाचा. त्यांच्या अनेक प्रकाशनांत भाषांतराबरोबर छापायचा खुलासा शब्दशः दिलेला असतो आणि तो तसाच छापावा लागतो.

आपल्या कायद्याचा मजकूर जोडायची तुमची कल्पना मला फार आवडली. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१, त्यातलं कलम ३९. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(क्यू) नुसार विधिमंडळानं किंवा संसदेनं केलेला अधिनियम तुम्हाला छापता येतो, अट एवढीच की त्याबरोबर भाष्य किंवा स्वतःचा काही मूळ मजकूर असावा. तुमच्या पुस्तिकेत तो असणारच. लगतच्या उपखंडात भाषांतराची सोय आहे: त्या भाषेत सरकारी भाषांतर झालेलं नसेल, किंवा झालेलं असूनही विक्रीला उपलब्ध नसेल, तर तुम्ही स्वतः करू शकता. पण ठळक जागी लिहावं लागतं की हे भाषांतर शासनानं अधिकृत म्हणून मान्य केलेलं नाही. तेव्हा आधी शासकीय ग्रंथागारात चौकशी करा. खासगी प्रकाशकाच्या कायद्याच्या पुस्तकातल्या टिपा आणि स्पष्टीकरणं उचलू नका, ती त्यांची आहेत.

आणि भाषांतर करताना कलम ३९चं शेपूट तोडू नका. कलम म्हणतं की संरक्षित वाणाचं बियाणंसुद्धा शेतकऱ्याला साठवता, वापरता, पेरता, पुन्हा पेरता, अदलाबदल करता, वाटता आणि विकता येतं. पुढे परंतुक, म्हणजे ‘पण’ने सुरू होणारी अट, आहे: ब्रँडचं बियाणं म्हणून विकता येत नाही, म्हणजे हे संरक्षित वाणाचं आहे असं दाखवणारी चिठ्ठी लावलेल्या पिशवीत भरून नाही. मोहीम जोरात असली की परंतुक पोस्टरवरून हमखास गळतं. मग एखादी बाई बचतगटाच्या स्टॉलवर छापील पिशव्या लावते आणि अडचणीत ती येते, पोस्टर काढणारे नाही.

छायाचित्रांखाली ‘परवानगीने’ असं लिहिलेलं असेल तर ती परवानगी त्या संस्थेला मिळालेली आहे, तुम्हाला नाही. ती काढा आणि तुमच्या भागातली घ्या. पुस्तिकाही त्यानं चांगली होते.

आता ती गावातली परवानगी. तुमच्या नव्या प्रकरणात वाणांची नावं येतील, कोणता वाल कोणत्या घरी टिकलाय ते येईल, काळभात किंवा एखादा घेवडा कसा राखेत घोळून मडक्यात ठेवतात ते येईल, त्या बायकांचे फोटो येतील. हे ज्ञान त्यांचं आहे. मूळ पुस्तिकेचा परवाना तुम्हाला त्या संस्थेचे शब्द देतो. शेजारच्या वाडीतल्या आजीचं ज्ञान तो देऊ शकत नाही. आणि हा परवाना परत घेता येत नाही, हे आधी तुमच्या फायद्याचं म्हणून सांगितलं, ते इथे जपून वापरायचं आहे. एकदा छापलं आणि पीडीएफ सुटली की ‘आमचं नाव काढा’ असं कुणी म्हटलं तरी सगळ्या प्रती परत येत नाहीत. म्हणून प्रकरणाचा कच्चा मसुदा वाड्यावस्त्यांवर मोठ्यानं वाचून दाखवा. वाचता येणाऱ्यांना झेरॉक्स देऊन सही घेणं वेगळं आणि बसून ऐकवणं वेगळं. ‘हे कुणीही छापू शकेल, कुठेही जाईल, परत घेता येणार नाही’ हे त्यांच्या बोलीत सांगा. कुणी म्हणेल नाव घाला पण गाव नको, कुणी म्हणेल फोटो नको, कुणी म्हणेल हे औषधाचं आहे, हे नकोच. जे नको ते वगळा, का म्हणून विचारत बसू नका.

लोकजैवविविधता नोंदवहीतून (गावातल्या वाण-वनस्पती आणि त्यांबद्दलच्या ज्ञानाच्या नोंदींच्या वहीतून) काही उतरवणार असाल तर गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला आधी विचारा. जैवविविधता कायदा, २००२ नुसार ती नोंदवही समितीच्या देखरेखीत असते, आणि त्यातली नोंद लोकांनी दिलेली असते ती उघड्यावर टाकण्यासाठी नव्हे. आदिवासी आणि स्थानिक समूहांच्या माहितीवर त्यांचाच अधिकार राहावा यासाठी २०१९ मध्ये ‘केअर’ नावाची तत्त्वं मांडली गेली. समूहाचा फायदा, समूहाचं नियंत्रण, जबाबदारी आणि नीती असे त्यांचे चार भाग आहेत. तुमच्या गटाला ती वाचायला मिळाली तर चर्चेला चांगली आहेत.

लोकांना अर्धं खुलं ठेवायचं असेल तर एक वाट आहे. मूळ पुस्तिकेत मिसळलेलं प्रकरण ‘एसए’मुळे त्याच परवान्याखाली जातं. पण वाणांची माहिती स्वतंत्र आठ पानी पुरवणी म्हणून, मूळ मजकूर न वापरता लिहिली, तर ती सोबत वाटली तरी वेगळी कृती राहते आणि तिच्या अटी गावानं ठरवाव्यात. माझा कल याच बाजूला आहे. थोडा कागद जास्त लागेल, पण निर्णय ज्यांचा त्यांच्याकडे राहील.

एवढं करूनही कुणीतरी तुमची नावं काढून पुस्तिका छापेल. आमच्या बाबतीत एका संस्थेनं तसं केलं होतं. आम्ही भांडण न काढता पत्र लिहिलं, परवान्याची अट दाखवली, आणि त्यांनी उरलेल्या प्रतींवर श्रेयाची चिठ्ठी चिकटवली. अट मोडली की परवाना आपोआप संपतो, पण लक्षात आल्यापासून तीस दिवसांत चूक दुरुस्त केली तर तो पुन्हा लागू होतो. परवान्याच्या चौथ्या आवृत्तीतली ही सोय पत्रात आवर्जून लिहा, समोरच्याला दुरुस्तीची वाट दिसते.

मूळ संस्थेला ईमेल आत्ताच टाका, कारण उत्तर यायला वेळ लागतो. पहिल्या परिच्छेदात कळवा की परवान्यानुसार मराठी रूपांतर करत आहोत, दोन प्रकरणं गाळतोय. दुसऱ्यात विचारा: अमुक दैनिकात, फक्त मराठीत, इतक्या भागांत प्रसिद्ध करू द्याल का, दैनिकाकडून आम्ही मानधन घेणार नाही. छपाईला मदत करणाऱ्या विक्रेत्याचं नाव एका ओळीत घालण्याबद्दलही तिथेच विचारा. लेखी हो आलं की ते छापून फाइलला लावा, आणि नाही आलं तर दैनिकाला तुमच्या वाणांवरचा स्वतंत्र लेख द्या, अर्थात वाडीवर वाचून झाल्यावर.